महागडे शॉकअप आणि मागच्या पाट्यांवरची संत्री

वाचकाचे पत्र : मी मोर्शी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझी स्वतःची सहाचाकी मालगाडी असून ती नऊ वर्षांची आहे व मीच चालवतो. हंगामात संत्री नागपूरच्या कळमना बाजारात नेतो. एरवी सोयाबीन, ढेप, खत जे मिळेल ते भाडे घेतो. महिन्याला सुमारे ६,००० किलोमीटर गाडी चालते. पुढच्या टायरांची जोडी पूर्वी ८०,००० किलोमीटर जायची. गेल्या वेळची पुढचीच जोडी मात्र ५२,००० वरच चट्टे पडून काढावी लागली. जोडीला ४४,००० रुपये मोजले. गाडीला शॉकअप फक्त पुढे दोन आहेत आणि त्यांतला एक गळतो आहे. दुकानदाराने नेहमीचा शॉकअप २,१०० रुपयांना एक, तर गॅसचा उंची शॉकअप ७,४०० रुपयांना एक सांगितला आहे. तो म्हणतो की टायर वाचतील आणि संत्री दबणार नाहीत. एक मित्र म्हणतो की असे शॉकअप असले तर टनभर माल जास्त टाकता येतो. पुढच्या वर्षी समृद्धी महामार्गाने वाशीच्या फेऱ्या धरण्याचाही विचार आहे. एवढे पैसे घालावेत का?

उत्तर :

गाडीमालक भाऊ, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात सगळे आकडे नीट दिलेले आहेत, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. आजच्या घडीला, आपल्या गाडीला आणि आपल्या रस्त्यांना, ७,४०० रुपयांचे शॉकअप घेऊ नयेत. २,१०० रुपयांची चांगल्या नावाची जोडी घ्यावी आणि वाचलेल्या १०,६०० रुपयांतील बरीचशी रक्कम पाट्यांवर (म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर) व बुशांवर (सांध्यांत बसणाऱ्या कड्यांवर) खर्च करावी. वाशीच्या फेऱ्या खरोखरच सुरू झाल्या तर हिशेब थोडा बदलतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी मित्राचे म्हणणे निकालात काढू, कारण ते नुसते चुकीचे नाही, धोक्याचे आहे. शॉकअप वजन उचलतच नाही. गाडीचा भार पाटे पेलतात, अ‍ॅक्सल आणि टायर पेलतात. शॉकअप काढून बाजूला ठेवला तरी उभी गाडी एक इंचही खाली बसणार नाही. पाटा दबल्यानंतर जो उसळून वर येतो आणि पुन्हा दबतो, ती उसळी शमवणे एवढेच शॉकअपचे काम असते. आतल्या तेलातून दट्ट्या सरकतो, तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून जबरदस्तीने जाते आणि उसळीची ताकद उष्णतेत बदलून नळीच्या पत्र्यावाटे हवेत निघून जाते. गाडीच्या आरसी पुस्तकावर लिहिलेले वजन कोणत्याही शॉकअपने वाढत नाही, आणि वजनकाट्यावर गाडी धरली गेली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड व त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये भरावे लागतात. म्हणजे मित्राचा टनभर माल एकाच काट्यावर २२,००० रुपयांना पडेल.

आता टायरांकडे वळू. ४४,००० रुपयांची जोडी ८०,००० किलोमीटर गेली तर किलोमीटरला ५५ पैसे पडतात. ५२,००० वर काढावी लागली तर सुमारे ८५ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे ३० पैसे आणि आपल्या ६,००० किलोमीटरच्या धावेला महिन्याचे १,८०० रुपये निव्वळ रबरात जात आहेत. दुकानदार नेमके याच नुकसानीकडे बोट दाखवतो आणि त्यात तथ्यही आहे. पण हे नुकसान मेलेल्या शॉकअपमुळे (आणि बहुधा आणखी एक-दोन कारणांमुळे) होत आहे. मेलेल्याच्या जागी साधा पण जिवंत शॉकअप बसवला तरी त्यातील मोठा भाग वाचतो. म्हणून महाग शॉकअपची तुलना आजच्या गळक्या शॉकअपशी करू नये, २,१०० रुपयांच्या नव्या शॉकअपशी करावी. तशी ती केली की १०,६०० रुपयांचा फरक फक्त टायरांतून भरून काढण्यासाठी यापुढच्या दोन जोड्या प्रत्येकी ८०,००० ऐवजी जवळजवळ ९०,००० किलोमीटर चालाव्या लागतील. आपल्या आडरस्त्यांवर हे घडेल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर महागाची किंमत साध्याच्या साडेतीन पट आहे, म्हणजे तो साडेतीन पट टिकायला हवा. आणि खड्ड्यांच्या, गिट्टीच्या रस्त्यावर दगड, गंज आणि झिजलेले बुश हे महाग-स्वस्त पाहत नाहीत.

तरीही शॉकअपच दोषी आहे असे ठरवण्यापूर्वी टायर हाताने वाचावा. गाडी सपाटीवर उभी करून, चाकांना दगड लावून, टायरच्या माथ्यावरून तळवा फिरवा. ठरावीक अंतरावर चढ-उतार, लाटांसारखे चट्टे हाताला लागले तर चाक रस्त्यावर नाचत आहे असे समजावे. ते मेलेल्या शॉकअपमुळे होते, तसेच बेअरिंगच्या ढिलाईने, घासलेल्या किंगपिनने (पुढचे चाक जिच्यावर वळते ती पिन) किंवा तोल गेलेल्या चाकानेही होते. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळलेली आहे का, ते पाहावे. दोन्ही कडा खाल्ल्या असतील तर हवा कमी होती आणि मधला पट्टा गेला असेल तर हवा जास्त होती. यांपैकी शेवटच्या तीन तक्रारी शॉकअप बदलून कधीही जात नाहीत. आपण चट्टे पडल्याचे लिहिले आहे म्हणून संशय शॉकअपवर जातो, पण जॅक लावून चाक वर-खाली हलवून पाहिल्याशिवाय खर्चाला हात घालू नये.

शॉकअप जिवंत आहे की नाही हे पाहण्याची दुसरी रीत मी गॅरेजात तीस वर्षे वापरली आहे. मोटारीसारखी मालगाडी कोपऱ्यावर दाबून हलवता येत नाही, पाटे तेवढे कडक असतात. म्हणून खराब रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून गाडी ढाब्यावर थांबवावी आणि लगेच खाली वाकून, बोटांच्या मागच्या बाजूने आधी पुसटसा आणि मग नीट स्पर्श करून दोन्ही शॉकअपच्या नळ्या पाहाव्यात. जो काम करतो तो चांगला गरम लागतो, कारण उसळीची सगळी ताकद त्याने उष्णता करून टाकलेली असते. जो थंड लागतो तो नुसता लटकला आहे. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, सगळेच लोखंड तापलेले असते. अशा वेळी शेजारच्या चासीला (गाडीच्या सांगाड्याला) हात लावून तुलना करावी. नळीवर तेलाचा पातळ तवंग आणि त्यावर धूळ बसलेली दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, दांड्याबरोबर थोडे तेल बाहेर येतेच. मात्र थेंब ओघळून खालच्या बोल्टपर्यंत पोचले असतील तर तो गेला. आपला एक गळतो आहे, तरी बदलताना दोन्ही बदलावेत. एका बाजूचे चाक धरलेले आणि दुसऱ्या बाजूचे मोकळे अशी गाडी ब्रेक मारताना एकीकडे ओढू लागते.

हीच हात लावण्याची परीक्षा एकदा भरल्या फेरीत आणि एकदा रिकाम्या परतीत करावी, असे मी मुद्दाम सुचवतो. भरलेल्या गाडीत दोन्ही शॉकअप गरम आणि तशाच रस्त्यावर रिकाम्या गाडीत दोन्ही थंड, असे आढळले तर दोष शॉकअपचा नाही, पाट्यांचा आहे. नऊ वर्षांच्या गाडीत पाट्यांच्या थरांमध्ये चिखल आणि गंज बसून ते एकमेकांना इतके धरतात की हलक्या गाडीत पाटा दबतच नाही. मग सगळी गाडी नुसत्या टायरांवर चेंडूसारखी उडते. पाटा हललाच नाही तर शॉकअपचा दांडा सरकणार नाही आणि दांडा सरकला नाही तर ७,४०० रुपयांचा शॉकअपही लोखंडाच्या कांबीइतकाच उपयोगाचा. परतीच्या रिकाम्या फेरीत गाडी जास्त आपटते आणि टायर जास्त खाते, अशी तक्रार आपल्याकडचे बहुतेक चालक करतात, तिचे मूळ पुष्कळदा इथे असते.

आता संत्री. दुकानदाराच्या बोलण्यातील हा भाग मला सर्वांत कच्चा वाटला. आपल्या गाडीला शॉकअप पुढे आहेत, केबिनच्या खाली. आणि मालाचा बहुतेक भार मागच्या अ‍ॅक्सलवर आहे. संत्री सर्वांत जास्त दबतात आणि उडतात ती मागच्या चाकांच्या वर आणि त्यांच्याही मागे, फाळक्यापाशी. तिथे शॉकअपच नाही. मागच्या बाजूला उसळी शमवण्याचे काम पाट्यांचे एकमेकांवरचे घर्षणच करते. जुन्या पद्धतीच्या अनेक पाट्यांच्या गाड्यांत तेवढ्यावर भागते म्हणून कंपन्या मागे शॉकअप देत नसत. पुढचे शॉकअप सोन्याचे केले तरी मागच्या थरातील आंबिया बहाराच्या फळाला त्याची खबर लागणार नाही.

संत्र्यांसाठी करायचे तर मागचे पाटे उतरवून, उघडून, तारेच्या ब्रशने गंज काढून, ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बसवावेत. तडा गेलेला किंवा चपटा झालेला पाटा बदलावा, पाट्यांचे थर एकत्र धरणारा सेंटर बोल्ट नवा घालावा आणि पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट गाडी भरून एक फेरी झाल्यावर पुन्हा कसावेत. पाट्यांवर दर आठवड्याला जळके ऑइल ओतण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती मात्र सोडावी. त्यावर धूळ बसून तिचाच घासकागद होतो, आणि शॉकअप नसलेल्या मागच्या बाजूला थोडे घर्षण हवेच असते, ते अगदी घालवून टाकणे बरे नव्हे. शिवाय सोयाबीनच्या हंगामात मागे जादा पाटा टाकला असेल तर संत्र्यांच्या आधी तो काढावा. जादा पाट्याने गाडी बसत नाही हे खरे, पण ती तितकीच आपटते. बाकी तळाला तणसाचा जाड थर, शक्य तिथे मोकळ्या ढिगाऐवजी क्रेट, आणि खड्ड्यांच्या पट्ट्यात चाळीसच्या आतला वेग, यांनी जेवढे फळ वाचते तेवढे कोणत्याही सुट्या भागाने वाचत नाही.

उंची शॉकअपमध्ये असते तरी काय, हेही सांगायला हवे, नाहीतर मी एकतर्फी बोलतो आहे असे वाटेल. साध्या शॉकअपमध्ये एकात एक दोन नळ्या असतात आणि वर थोडी हवा असते. सतत वेगाने काम पडले की तेल आणि हवा घुसळून फेस होतो, तेल तापून पातळ होते आणि उसळी धरणे कमी पडते. तासभर खराब रस्ता तुडवल्यावर गाडी अचानक मऊ, तरंगती वाटू लागते ते यामुळे. गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून फेस फारसा होत नाही. एकनळी प्रकारात तर गॅस आणि तेल यांच्यामध्ये वेगळा दट्ट्याच असतो, आणि तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने ते लवकर निवते. चांगल्या कंपनीच्या महाग मालात दांड्यावरचा क्रोम, सील आणि झडपा हे तिन्ही सरस असतात. हळू लाटेला वेगळा आणि अचानक बसलेल्या धक्क्याला वेगळा विरोध करणे हे झडपांचे कसब आहे आणि खरे पैसे त्याचेच असतात. आपल्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि डांबर शाबूत असले तरी लांब-लांब लाटा पडतात. अशा रस्त्यावर उंची शॉकअपची गाडी एकदाच डुलून स्थिर होते हे चालकाला पहिल्या दिवशी जाणवते. ते सुख खोटे नाही. मात्र पाठीच्या दुखण्यासाठी आपण हा खर्च करणार असाल, तर आधी बसलेल्या सीटचा फोम आणि केबिनखालची रबरे बदलून पाहावीत. कमी पैशांत जास्त आराम मिळेल.

एकनळी शॉकअपचा एक दोष दुकानात कोणी सांगत नाही. बाहेरची नळी हीच आतल्या दट्ट्याची वाट असते, त्यामुळे तिला दगडाने पोचा पडला की दट्ट्या तिथेच अडतो. गिट्टी खदानीवर चालणाऱ्या एका टिप्परला आम्ही हौसेने असे शॉकअप बसवले होते; दुसऱ्याच महिन्यात उडालेल्या दगडाने एका नळीला अंगठ्याएवढा पोचा पडला आणि मालक तो निरुपयोगी शॉकअप हातात घेऊन आला. दोन नळ्यांच्या साध्या शॉकअपला असा पोचा बाहेरच्या नळीवर पडतो, आतली वाट बऱ्याचदा शाबूत राहते. शेतरस्त्यावर बागेपर्यंत गाडी नेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

वाशीच्या फेऱ्यांचे म्हणाल, तर धामणगावला समृद्धीवर चढून पुढचे शेकडो किलोमीटर न थांबता, एकसारख्या वेगाने काँक्रीटवरून जाणे हे निराळेच काम आहे. तिथे मोठे खड्डे नसतात, पण सांध्यांची बारीक टकटक तासन्‌तास चालू राहते, शॉकअपला निवायला उसंत मिळत नाही आणि उन्हाळ्यात खालचे काँक्रीटही तापलेले असते. अशा धावेला गॅसचा शॉकअप शोभतो, टिकतो, आणि वेगात ब्रेक मारताना पुढची चाके जमिनीला धरून ठेवतो, ही गोष्ट मी टायरांपेक्षा मोलाची मानतो. महिन्याच्या धावेत निम्म्याहून अधिक किलोमीटर महामार्गावर जाऊ लागले आणि दोन-तीन महिने ते भाडे टिकले, तर पुढच्या वेळी उंची जोडी अवश्य घ्यावी. भाडे हातात येण्याआधी मात्र घेऊ नये. तसेच पुढेमागे कमी पाट्यांची, म्हणजे पॅराबोलिक पाट्यांची नवी गाडी घेतलीत, तर तिच्या पाट्यांत घर्षण फार थोडे असल्याने उसळी शमवण्याचे जवळजवळ सगळे काम शॉकअपवरच पडते. तिथे स्वस्त माल वापरणे परवडत नाही.

बिननावाचा, त्याहूनही स्वस्त माल आपल्याला कोणी दाखवेलच, तो घेऊ नये. जुन्या शॉकअपमध्ये तेल भरून देणाऱ्यांकडेही जाऊ नये. घासलेले सील आणि चरे पडलेला दांडा तसाच ठेवून भरलेले तेल चार फेऱ्यांत बाहेर येते. गॅसचा जुना शॉकअप तर कोणालाही कापू किंवा वेल्डिंगने तापवू देऊ नये, आत दाब असतो आणि माणूस जखमी होतो. घेताना पार्ट नंबर गाडीच्या मॉडेलशी जुळवून, पक्क्या बिलावर घ्यावा, कारण नावाजलेल्या कंपन्यांच्या डब्यांत नकली माल विकला जातो. लांबी चुकली तर शॉकअप एक तर खाली आपटतो, नाहीतर ताणून तुटतो.

बसवतानाच्या चुका नव्या शॉकअपला महिन्यात मारतात, म्हणून मिस्त्रीच्या शेजारी उभे राहावे. दोन नळ्यांचा शॉकअप डब्यात आडवा पडून आलेला असतो आणि आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ताणावा, दांडा मध्येच झोकांडी न खाता सगळीकडे सारखा जड लागू लागला की मगच चढवावा. वरचे-खालचे रबरी बुश नवेच घालावेत. ज्या ब्रॅकेटचे छिद्र लांबट झाले आहे ते आधी भरून घ्यावे, नाहीतर अर्धा इंच उसळी शॉकअपला कळायच्या आतच होऊन जाते. बोल्ट शेवटचे कसणे मात्र जॅक काढून, चाके जमिनीवर टेकल्यावर करावे. अधांतरी लटकत्या चाकाने कसले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

शॅकल पिना (पाट्याचे टोक सांगाड्याला जोडणाऱ्या) आणि पाट्यांचे बुश त्याच दिवशी बदलून घ्यावेत, त्यानंतरच अलाइनमेंट करावे. उलट क्रमाने केले तर अलाइनमेंटचे पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागतात. नवे शॉकअप चढले त्या दिवशीचे किलोमीटर केबिनमधल्या डायरीत लिहून ठेवावेत, आणि दर ग्रीसिंगला ढाब्यावरची ती हात लावण्याची परीक्षा पुन्हा करावी. टायरांची पुढची जोडी ५२,००० वर पोचेल तेव्हा माथ्यावर तळवा फिरवून काय लागते ते मला अवश्य कळवावे.